अरुंद घळईत पहिल्यांदा उतरताना

दोन्ही बाजूंना कातळाच्या उंच भिंती, वर आकाशाची एक पट्टी आणि पायाखाली वाळू, गोटे नाहीतर घोटाभर पाणी. अशा घळईतून चालायची ओढ लागली आहे, पण अजून एकदाही आत पाऊल टाकलेलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. दोर लावून उतरायच्या घळया यात घेतलेल्या नाहीत. ते काम जाणत्या माणसाच्या हाताखाली, प्रत्यक्ष कातळावर शिकायचं असतं. वाचून ते येत नाही. इथे फक्त पायी आणि जागोजागी हातांचा आधार घेत पार होणाऱ्या घळयांचा विचार केला आहे.

डोंगरावर चालताना ढग दिसतात, वारा अंगाला लागतो, बेत बदलला तर उतरायला दुसरी एखादी सोंड सापडते. घळईत शिरल्यावर यातलं काहीच हाताशी राहत नाही. पुढच्या वळणापलीकडचं दिसत नाही आणि वर काय शिजतंय तेही कळत नाही. म्हणून घळईच्या वाटचालीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम घळईबाहेर, नकाशा आणि हवामानाचा अंदाज समोर ठेवून करायचं असतं. या लेखाचा बराच भाग त्यातच जाणार आहे.

आधी पाणी समजून घ्या

घळई ही पाण्याने पाण्यासाठी केलेली वाट आहे. कातळात आधी एखादी उभी भेग असते. पुराचं पाणी वाळू आणि गोटे घेऊन त्या भेगेतून धावतं, तळ खरवडतं, भिंती घासतं. अमेरिकेतल्या यूटा आणि ॲरिझोना राज्यांतल्या वालुकाश्मात अशा शेकडो घळया कोरल्या गेल्या आहेत. त्यांच्या भिंतींवरची वळणदार, गुळगुळीत नक्षी बघायला माणसं जगभरातून येतात. ती नक्षी तुमच्या डोक्याच्याही वर गेलेली असते, म्हणजे पाणी तिथवर चढतं.

किती चढतं याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. २० मीटर रुंद ओढ्यात ३० सेंटिमीटर पाणी वाहत आहे असं धरा. पोरंसोरंही ते ओलांडतील. तेच पाणी त्याच वेगाने २ मीटर रुंदीच्या घळईत शिरलं, तर खोली ३ मीटर होते. अरुंद जागेत वेग वाढला तर खोली थोडी कमी भरेल, पण त्या वेगात पाय टिकण्याचा प्रश्नच उरत नाही. घळईतला पूर हा असा असतो. बाहेर जो किरकोळ वाटला असता, तोच आत जीव घेतो.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की करा. घळईत येणारं पाणी तुमच्या डोक्यावर पडलेल्या पावसाचं असेलच असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटेलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. घळईवर त्या वेळी पाऊस जेमतेम होता. वादळ कोसळलं होतं ते काही किलोमीटर वरच्या बाजूला, आणि तिथलं पाणी खाली आलं. आज त्या घळईत पक्के जिने आहेत आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. पण जगातल्या बहुतेक घळयांना ना जिने आहेत, ना वाटाडे. तिथे वाटाड्याचं काम तुम्हालाच करायचं आहे.

कुठली घळई निवडायची

अमेरिकेत घळयांची प्रतवारी करायची एक रूढ पद्धत आहे आणि इतर ठिकाणीही ती ओळखली जाते. पहिला आकडा कातळाबद्दल सांगतो: १ म्हणजे नुसतं चालणं, २ म्हणजे हात टेकून चढउतार, ३ म्हणजे दोर लागणार, ४ म्हणजे दोराचं अवघड काम. पुढचं अक्षर पाण्याबद्दल सांगतं: ए म्हणजे कोरडी किंवा जेमतेम पाणी, बी म्हणजे साचलेले डोह, ज्यांत पोहावं लागेल, सी म्हणजे वाहत्या पाण्याचा जोर. युरोपात फ्रेंच पद्धत चालते. तिथे ‘व्ही’ पुढचा आकडा कड्यांची आणि ‘ए’ पुढचा आकडा पाण्याची अवघडता दाखवतो, दोन्ही १ ते ७. या दोन पद्धतींतला ‘ए’ एकच नाही, एवढं ध्यानात ठेवून वर्णन वाचा.

नवख्याने पहिल्या काही वेळा १-ए निवडावी, मग २-ए. बी कडे जायची घाई करू नका. आणि सी मध्ये जाणत्यांशिवाय जाऊच नका, तुम्ही कितीही चांगले पोहणारे असलात तरी. नदीत पोहणं वेगळं, आणि भिंतींना धडका देत धावणाऱ्या पाण्यात तग धरणं वेगळं.

प्रतवारीइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: आत शिरायचं खालून की वरून? माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा खालच्या तोंडाने शिरा, जमेल तेवढं वर चाला आणि त्याच वाटेने परत या. खालून जाताना जो टप्पा जमत नाही तिथे तुम्ही आपोआप थांबता, आणि परतीची वाट डोळ्यांखालून गेलेली असते. वरून उतरताना उलट होतं. एखादा निसरडा टप्पा घसरत उतरून गेलात की तो परत चढता येत नाही, आणि पुढे त्याहून अवघड निघालं तर माणूस दोन्हींच्या मधे अडकतो. यूटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातली नॅरोज ही प्रसिद्ध घळई वरून पूर्ण करायची तर सुमारे २६ किलोमीटरची चाल आहे आणि परवाना लागतो; पण तिथे येणारे बहुतेक लोक खालून शिरून, नदीतूनच थोडं वर जाऊन परततात. घळईचं सगळं सौंदर्य त्या थोड्या अंतरातही मिळतं.

वर्णन वाचताना बाहेर पडायच्या मधल्या जागा शोधा. कुठे भिंत मोडली आहे, कुठे उतार सौम्य होतो, कुठे उंचावर थांबता येईल असा कट्टा आहे, ते नकाशावर खुणा करून ठेवा. दोन-तीन किलोमीटर अशी एकही जागा नसलेली घळई नवख्याची नाही, मग तिची चाल कितीही सोपी असो.

पाणलोट आखा

हे काम बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते घळईत जाणाऱ्याची तयारी यावरूनच कळते. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घ्या, कागदी किंवा पडद्यावरचा. घळईचं वरचं तोंड शोधा. तिथून मागे मागे, ओढ्याच्या प्रत्येक फाट्याने वर जा. नाळेत समोच्च रेषांची टोकं वरच्या अंगाला, उगमाकडे वळलेली दिसतात. सोंडेवर ती खालच्या अंगाला वळतात. सगळ्या फाट्यांच्या माथ्यावरची धार जोडत गेलात की एक बंद आकार तयार होतो. त्यात कुठेही पाऊस पडला की तो तुमच्या घळईत येणार. सगळा मिळून तो एक नरसाळं आहे आणि तुम्ही त्याच्या नळीत चालणार आहात.

आकार पाहून अनेकांना धक्का बसतो. घळई दीड-दोन किलोमीटरची आणि पाणलोट शे-दोनशे चौरस किलोमीटरचा, हे सहज घडतं. आता त्या पाणलोटात काय आहे ते बघा. दाट झाडी आणि खोल माती असेल तर पाणी मुरतं, सावकाश येतं. उघडा कातळ असेल तर जवळजवळ सगळं पाणी वाहून खाली येतं, तेही चटकन. नुकताच वणवा लागून गेलेला डोंगर तर फार वाईट. होरपळलेल्या मातीवर पाणी न शोषणारा थर तयार होतो आणि थोड्या पावसातही राख-चिखलाचा लोंढा सुटतो. वर धरण असेल तर आकाश निरभ्र असतानाही पाणी सोडलं जाऊ शकतं, तेव्हा सोडण्याच्या वेळा विचारून घ्या. वर बर्फ असेल तर दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत चढत जातं. सकाळी घोटाभर असलेला ओढा परतताना मांडीपर्यंत आलेला असतो.

पाण्याला वाट करून देण्याचं शहाणपण जुनं आहे. जॉर्डनमधल्या पेट्रा नगरीत शिरायची वाट म्हणजे सीक नावाची सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीची अरुंद घळई. पेट्रा वसवणाऱ्या प्राचीन नबातियन लोकांनी तिच्या तोंडाशी बांध घालून पुराचं पाणी कातळात खोदलेल्या बोगद्यातून दुसरीकडे वळवलं होतं. पुढे ती व्यवस्था मोडकळीला आली. १९६३ मध्ये सीकमध्ये पूर शिरून पर्यटक दगावले आणि मग बांध नव्याने उभा राहिला.

हवामान वाचणं

अंदाज घळईच्या जागेचा बघू नका, पाणलोटाचा बघा. पाणलोट मोठा असेल तर त्यातल्या दोन-तीन लांबलांबच्या ठिकाणांचे अंदाज वेगवेगळे काढा. ‘पावसाची शक्यता ३० टक्के’ हे साधारणपणे एखाद्या ठिकाणापुरतं असतं. मोठ्या पाणलोटात कुठे ना कुठे सर पडण्याची शक्यता त्याहून जास्त. खुल्या डोंगरात मी ३० टक्क्यांना फारसं घाबरत नाही. घळईसाठी तोच आकडा ‘आज नको’ असा वाचावा.

गडगडाटी पाऊस बहुतेक करून दुपारनंतर होतो, कारण जमीन तापून हवा वर चढायला तेवढा वेळ लागतो. म्हणून उजाडताच शिरा आणि माध्यान्हीच्या आत अरुंद भागातून बाहेर या. पावसाळ्याच्या महिन्यांत मात्र लवकर शिरण्याची ही युक्तीही पुरेशी नाही. तेव्हा घळई सोडून दुसरीकडे जा.

काही ठिकाणी रोजचा पुराचा अंदाज चार पायऱ्यांत जाहीर होतो: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. ‘शक्य’ या शब्दाला लोक हलकं समजतात. नवख्याने पहिली पायरी सोडून बाकी तिन्ही दिवशी बाहेर राहावं. झायनमधली नॅरोज नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफूट, म्हणजे साधारण सव्वाचार घनमीटर झाला की बंद करतात. असा आकडा तुमच्या नदीसाठी उपलब्ध असेल तर निघायच्या आदल्या दिवशीचा आणि त्या सकाळचा, दोन्ही बघा. तो चढता आहे की उतरता, हे एका आकड्यावरून समजत नाही.

आणि हा चढ किती वेगाने होतो? १४ सप्टेंबर २०१५ ला झायनमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा मृत्यू झाला. त्या दुपारी तिथल्या नदीचा प्रवाह सेकंदाला दीड घनमीटरच्या आसपास होता, तो १५ मिनिटांत ७० घनमीटरच्या पुढे गेला. पाणी वाढायला लागल्यावर विचार करू, असं ठरवून चालत नाही; तेवढा वेळ मिळत नाही.

सोबत वाटाड्या असला तरी अंदाज स्वतः वाचा. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख ओढ्यात वादळाच्या लोंढ्याने २१ जणांचा बळी घेतला. मृतांत वाटाडेही होते. तुम्ही आत जायला ‘नाही’ म्हणू शकता, पैसे भरले असले तरी.

अंगावर काय, पाठीवर काय

बूट बोटं झाकणारे, पकड असलेल्या तळव्याचे आणि पाणी पटकन निथळणारे हवेत. उघड्या चपला नकोत, गोट्यांत बोटं ठेचतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही नकोत. त्यांत पाणी भरलं की पाय उचलत नाही. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. सुती कपडे ओले झाले की ओलेच राहतात आणि अंगातली ऊब शोषत राहतात.

थंडीला नवखे हमखास कमी लेखतात. बाहेर उन्हाने कातळ भाजत असतो आणि आत, जिथे ऊन कधी पोचतच नाही तिथे, डोहाचं पाणी दात वाजवतं. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. कमरेपर्यंतच्या थंड पाण्यातून बराच वेळ चालायचं असेल तर निओप्रीनचे, म्हणजे पाणबुडे वापरतात तशा रबरी कापडाचे मोजे आणि कपडे घ्या. सोबतचा माणूस अडखळायला लागला, बोलताना जीभ जड झाली, हातातल्या वस्तू निसटायला लागल्या, तर तो नुसता दमलेला नाही, गारठला आहे. तिथेच थांबा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड काहीतरी खायला द्या, आणि मग माघारी फिरा.

पाठीवर: पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, प्रथमोपचाराचं सामान, कपाळावरची विजेरी आणि जादा सेल, शिट्टी, कागदी नकाशा, पाणी. कोरड्या उष्ण भागात दिवसाला माणशी ४ लिटर धरा. घळईतल्या पाण्यावर विसंबू नका. ते गढूळ असतं आणि गाळणी लगेच तुंबते. भरावंच लागलं तर भांड्यात निवळू द्या आणि वरचं पाणी गाळा. डोक्यावर हेल्मेट घाला, अगदी सोप्या घळईतही. माथ्यावरून चालणारं जनावर किंवा माणूस एक दगड पाडतो, आणि तुम्हाला बाजूला सरकायला जागा नसते.

छातीपर्यंत उंचीची एक दणकट काठी घ्या. गढूळ पाण्यात पुढची खोली तीच सांगते.

सॅक लहान असू द्या. बाहेर लटकणारं काहीही नको.

कोणाला तरी सांगून निघा

अरुंद घळईत मोबाइल चालत नाही. जीपीएसला उपग्रह पुरेसे दिसत नाहीत आणि भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरींमुळे जागा चुकीची दाखवली जाते. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रालाही उघडं आकाश लागतं. म्हणून चिठ्ठी हाच तुमचा आधार: कुठली घळई, कुठून शिरणार, कुठून निघणार, कितीजण, गाडी कुठे उभी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ यावर कोणी बचावपथक बोलावत नाही.

एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक यूटातल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटा उतरला. भिंतींमध्ये अडकलेला एक धोंडा त्याच्या भाराने सुटला आणि उजवा हात कातळाशी चिरडला गेला. कुठे जातो हे त्याने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. पाच दिवसांहून अधिक काळ तिथे काढल्यावर त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली.

एकट्याने जाऊ नका. तीन ते पाच जणांचा गट चांगला: एक जखमी झाला तर एकाला त्याच्याजवळ थांबता येतं आणि एखादा मदत आणायला जाऊ शकतो. त्याहून मोठा गट प्रत्येक अडचणीच्या टप्प्यावर ताटकळतो, आणि ताटकळण्यात वेळ जातो तो अरुंद भागातच.

तोंडाशी थांबा

आत शिरण्यापूर्वी दहा मिनिटं थांबून बघा. पाण्याचा रंग कसा आहे? भिंतीवर चिखलाची रेघ किती उंचीवर आहे, तिचा चिखल ओला आहे की वाळलेला? अडकलेल्या काटक्या, पाला, ओंडके कुठवर दिसतात? यूटातल्या बकस्किन गल्चमध्ये डोक्याच्या कितीतरी वर ओंडके भिंतींमध्ये आडवे अडकलेले दिसतात, आणि ते पुरानेच तिथे नेऊन ठेवलेले आहेत. ही काटक्यांची रेघ दिवसभर नजरेत ठेवा. लोंढा आलाच तर तिच्याही वर जायचं आहे.

परत फिरायची वेळ इथेच ठरवा आणि सगळ्यांनी मोठ्याने म्हणा. अकरा तर अकरा. पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी अकराला पाठ फिरवायची. गटातल्या कुणा एकालाही आत जावंसं वाटत नसेल तर कारण न विचारता बेत रद्द करायचा, हेही आधीच ठरवून घ्या. नाहीतर सगळ्यात घाबरलेला माणूस सगळ्यात उशिरा बोलतो.

चालताना

पाऊल सपाट टाका. टाचेवर भार टाकून चालायची सवय ओल्या कातळावर पाडते. शेवाळ काळपट चकाकतं, तिथे पाय देऊ नका. खडबडीत, फिकट कातळ शोधा. चढताना-उतरताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले असू द्या, एका वेळी एकच हलवा. तीव्र उतारावर कातळाकडे तोंड करून उतरा. भिंती जवळ आल्या की त्यांचाच उपयोग करा: दोन्ही हात-पाय दोन भिंतींना रेटून, किंवा पाठ एका भिंतीला आणि पाय दुसरीला लावून पुढे सरकता येतं. सराव जमिनीपासून हातभर उंचीवर करा, तिथेच शिका, आणि मग वर जा. फारच अरुंद जागी सॅक काढून हाताने पुढे द्या, आडवे होऊन निघा.

भिंतींमध्ये अडकलेल्या धोंड्यांवर भार टाकण्यापूर्वी बाजूला उभं राहून ते हलवून बघा. त्यांना लोंबकळू नका.

उडी मारू नका. कमरेएवढ्या उंचीवरूनही नको. वाळू खाली मऊ दिसते, तिच्यात दगड लपलेला असतो, आणि घोटा मोडलेल्या माणसाला अरुंद घळईतून बाहेर काढायला कित्येक तास लागतात. बसून घसरा, किंवा साथीदाराच्या खांद्याचा आधार घ्या. जिथून परत चढता येणार नाही तिथे उतरायचंच नाही, हा नियम मोडायला एकही सबब मान्य करू नका. रांजणखळग्यांना तो दुप्पट लागू आहे: गुळगुळीत बाजूंचा, अर्धा भरलेला रांजण आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही.

पाणी वाहतं असेल तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकलेली, आणि पाय न उचलता सरकवत जा. जोराचं पाणी गुडघ्यावर चढलं की मागे फिरा. अंगाला दोर बांधून ओलांडू नका. दोर ताणला की तोच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. वाहून गेलातच तर उताणे व्हा, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवा. वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दगडांत अडकतं आणि प्रवाह अंगावरून लोटतो.

ओल्या वाळूत पाय रुतला तर घाबरू नका. पाण्याने भरलेली वाळू माणसापेक्षा जड असते, त्यामुळे ती माणसाला पूर्ण गिळत नाही. ओढाओढ केली तर पाय जास्त घट्ट बसतो. मागे रेला, भार पसरवा, पाय सावकाश गोल हलवत राहा म्हणजे त्याच्याभोवती पाणी शिरतं आणि तो सुटतो. वेळ लागतो. खरा धोका थंडीचा आणि वर चढणाऱ्या पाण्याचा असतो.

लोंढ्याची चाहूल

नितळ पाणी एकदम गढूळ होणं. पाण्यावर पाला, काटक्या, फेस येणं. प्रवाह हलकेच पण ठळकपणे वाढणं. घळईत अचानक वाऱ्याची झुळूक, ओल्या मातीचा वास. लांबून गुरगुर, जिला लोक विमान समजतात. ढगांचा गडगडाट कितीही दूरचा असो. यातली एक खूण पुरे.

मग धावायचं नाही, वर चढायचं. खालच्या तोंडापर्यंत पळत पोचू हा हिशेब लोंढ्यापुढे टिकत नाही. जवळचा उंच कट्टा, मोडलेला उतार, काहीही. काटक्यांच्या रेघेच्या वर जा. सॅक आड येत असेल तर टाका. मिनिटभरात दहा मीटर वर जाता येईल अशी जागा मागे सोडताना दर वेळी ती मनात नोंदवत आला असाल, तर त्या क्षणी शोधावं लागत नाही. चालताना गटात ते मोठ्याने म्हणायची सवय लावा: ‘इथून डावीकडे वर जाता येतं.’

वर पोचलात की बसा. पाणी ओसरायला लागलं म्हणून लगेच उतरू नका, कारण पाणलोटातल्या वेगवेगळ्या फाट्यांचं पाणी वेगवेगळ्या वेळी पोचतं आणि दुसरा लोंढा पहिल्याहून मोठा असू शकतो. पाणी मूळ पातळीला येऊन निवळेपर्यंत थांबा. रात्र काढावी लागली तर काढा. कोरडे कपडे त्यासाठीच आणले आहेत. मदतीची हाक द्यायची ती डोंगरातल्या रूढ संकेताने: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचा झोत, मग मिनिटभर शांत, मग पुन्हा. तीन वेळा उत्तर आलं तर तुमची हाक पोचली आहे.

घळईशी वागणं

भिंतींवर नाव कोरू नका, खडूनेही लिहू नका. मऊ वालुकाश्मावरचा ओरखडा कित्येक वर्षं जात नाही. शौचासाठी एरवीचा नियम पाण्यापासून किमान ६० मीटर दूर खड्डा करण्याचा. अरुंद घळईत ते शक्यच नसतं, म्हणून बंद पिशवी सोबत ठेवा आणि सगळं बाहेर आणा. निघण्यापूर्वी मोकळं होणं अर्थात सगळ्यात बरं. रांजणांत साचलेलं पाणी कोरड्या मुलखात बेडकांचं आणि पाखरांचं असतं. त्यात साबण नको, अंगाला लावलेली मलमंही नकोत.

सावलीत सापही विसावतात. हात न बघता कपारीत घालू नका. उंच कड्यावर मधमाश्यांची पोळी दिसली तर आवाज न करता खालून निघून जा.

बाहेर आलात की आधी चिठ्ठी ज्याच्याकडे दिली त्याला फोन. मग बूट, मोजे, काठी आणि सॅकचा तळ घासून धुवा, चिखलाचा कण राहू देऊ नका, आणि पुढच्या घळईत नेण्यापूर्वी सगळं पूर्ण वाळू द्या. बेडकांना मारणारी बुरशी आणि परक्या पाणवनस्पती ओल्या बुटांमधून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातात.